देवाला सोडलेला गूळ

डिंगोऱ्याला आमचं स्वतःचं गुऱ्हाळ. घरात एवढा गूळ असायचा की मुंग्यांनाही त्याचं अप्रूप नसे. नव्वद सालानंतर अशा घरात माझी लेक जन्मली, आणि तिला गूळच सोसेना.

अंगावर पीत होती तोवर गुटगुटीत होती. उष्टावणाला गुळाची खीर चाटवली आणि उलट्या सुरू झाल्या. दरदरून घाम यायचा, पोर मान टाकायची. कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं दात येताहेत. डॉक्टरांनी उलटीवर गोड औषध दिलं, त्यानं ती आणखीच ओकली. शेवटी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात निदान झालं. आईबापाकडून आलेला जन्मजात आजार. साखर, गूळ, मध, फळं तिच्या शरीराला पचवताच येत नव्हती. पोटात गेली तर लिव्हर जायचं, पोरही जायची. औषध नाही. फक्त पथ्य, तेही जन्मभर.

"दूध?" मी विचारलं. चालेल. "भात, भाकरी, अंडं?" चालेल. "गाजर?" नको. "ग्लुकोजची पावडर?" चालेल म्हणाले, आणि माझं डोकंच फिरलं. ती तर गोडच असते! सफरचंद विष आणि पुडीतली पावडर चालते, हे मी घरी कोणत्या तोंडानं सांगणार होते? आणि आम्ही दोघं तर गुळावरच वाढलेलो, मग आमच्याकडून हे आलं कसं? डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं. मी मान डोलावली. कळलं काहीच नाही.

घरी सांगितलं, तर सगळे ऐकून घ्यायचे आणि माझी पाठ वळली की पोरीच्या हातावर काहीतरी ठेवायचे. "येवढुशानं काय व्हतंय?" माहेराहून, लोणीहून, माझी सख्खी आई आली, तिच्याही पदराआड चिक्की. संक्रांतीला मी दार लावून बसले. मी मुळात फटकळ, सगळ्यांशी भांडले. त्यानं एवढंच झालं की लोक लपवून द्यायला लागले.

त्यात नवस. पोर दवाखान्यात असताना, निदानाच्या आधीच, सासूबाई ओझरच्या गणपतीला बोलून बसल्या होत्या: नात वाचली तर गुळानं तोलीन. मी म्हटलं, गुळाऐवजी तांदूळ घेऊ. "देवाला दिल्याला सबुद बदलाय त्यो काय बाजार हाय?" त्या कडाडल्या.

लेक चार वर्षांची झाली तेव्हा गेलो. एका पारड्यात ती, दुसऱ्यात आमच्याच गुऱ्हाळाच्या ढेपा. पारडी सारखी झाली, सगळ्यांनी हात जोडले. मग सासूबाईंनी ढेपेचा खडा फोडला आणि नातीकडे वळल्या. मी पुढे धावले. पोरीनं दोन्ही हातांनी तोंड घट्ट झाकून घेतलं होतं.

सासूबाईंनी खडा तिच्या कपाळाला लावला, देवापुढे ठेवला आणि सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आजपासनं हिनं गोड देवाला सोडलं. फळंसुदिक."

झालं. देवाला सोडलेलं आमच्याकडे कुणी आग्रहानं वाढत नाही. पाप वाढणाऱ्याला लागतं. त्यानंतर गावात कुणी तिच्या हातावर साधा बत्तासासुद्धा ठेवला नाही. मला हायसं वाटलं आणि रागही आला. मी इतकी भांडले ते कुठं गेलं? सासूबाईंना आजार कळला होता, की नुसता देव? विचारलं तर म्हणाल्या, "मला काय म्हाईत तुमचं लिव्हर-बिव्हर?" मला ते अजून उलगडलेलं नाही.

त्या होळीला पुरणपोळ्या केल्या. लेकीपुढे दूध-भाकरी ठेवली. सासूबाईंना पोळी वाढायला वाकले, तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला. सगळा जन्म गुऱ्हाळावर काढलेली बाई, पोळीवर गुळवणी ओतून खाणारी.

"मला भाकरच वाढ," त्या म्हणाल्या. "मीबी त्याच दिशी सोडलंय. पोरीनं काय एकटीनंच खायाची व्हय?"