उभ्यानं सांगत नाही

"आधी बस. उभ्यानं सांगत नाही मी."

नागपुरात राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे वाक्य मी ऐकलं. आज माझं जे काही बरं चाललं आहे, ते याच वाक्यापासून सुरू झालं असं मी मानतो. मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा, असं कोणी विचारलं, तर त्याला वाटतं मी एखाद्या सरांचं नाव घेईन. सरही होते, चांगले होते. पण पहिलं नाव धरमपेठेतल्या माझ्या घरमालकीणबाईंचं. नाव तरी काय, सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची. मीही इथे काकूच म्हणतो.

मी नागपूरजवळच्या खाप्याचा. वडील उन्हाळ्यात कन्हान नदीच्या पात्रात टरबुजाची वाडी करायचे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. काकूंच्या मागच्या अंगणातली एक खोली मला मिळाली होती. सकाळी कॉलेज, संध्याकाळी एका औषधांच्या दुकानात काम. त्यामुळे काकूंची संध्याकाळची मालिका माझी रोज चुकायची. ती चुकते याचं मला काही वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते काकूंना.

म्हणून सकाळी समोरच्या ओट्यावर त्या मला आदल्या दिवशीचा भाग सांगायच्या. मी एकटाच नव्हतो. वरच्या मजल्यावर एक सिस्टर राहायच्या. दवाखान्यात त्यांची ड्यूटी बदलती असायची. आणि हातगाडी घेऊन येणारी भाजीवाली मावशी. ती मालिकेच्या वेळी घरी स्वयंपाक करत असायची. आम्ही तिघे भाग चुकलेले. काकू वेताच्या खुर्चीत, मांडीवर वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप. कोणी घाईत उभ्याउभ्या विचारलं, "काकू, काल काय झालं?" की ठरलेलं उत्तर यायचं. आधी बस. मावशी मग गाडीच्या चाकाला दगड लावून पायरीवर बसायची.

तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील, ज्या मालिकेतल्या माणसांना घरच्यासारखी नावं ठेवतात. काकू नावं ठेवायच्या नाहीत. त्या सांगायच्या. त्या मालिकेतल्या तिघी जावांपैकी थोरली बोलली की काकूंचा आवाज थोरलीचा होई, मधली बोलली की नाकातून येई. सांगता सांगता शेंगा सोलणं चालू असायचं. पण एखादी शेंग हातात तशीच राहिली, की आम्ही ओळखायचो, आता दार वाजणार.

"दार वाजलं," काकू म्हणायच्या, आणि शेंग सुपात ठेवून उठायच्या. "थांबा, दूध उतू जाऊन राहिलं असेल."

दूध कधीच उतू जात नसायचं. सिस्टरांना ड्यूटीला उशीर व्हायचा, मावशीच्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या उन्हात माना टाकायच्या, पण दारात कोण उभं आहे हे कळल्याशिवाय कोणी हलायचं नाही.

एकदा काकू लग्नाला गेल्या आणि त्यांचाच भाग चुकला. त्या दिवशी माझी सुट्टी होती, मी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः पायरीवर बसल्या. मी सांगितलं, थोरली रागावली, मग तो गेला, मग सासू रडली. पाच वाक्यांत भाग संपला. मावशी म्हणाली, "हे पोट्टं तं रेडिओवरच्या बातम्याच सांगून राह्यलं."

काकू हसल्या नाहीत. "थोरली रागावली, तेव्हा हातात काय होतं तिच्या?"

मला आठवेना.

"मग तू पाहिलं काय? उद्या पुन्हा सांग."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. मी मुळात अबोल, त्यात माझ्या 'मले-तुले'ला वर्गात कोणी ना कोणी हसायचं. पण ओट्यावर कोणी हसत नव्हतं. पुढे बी.ए.च्या तोंडी परीक्षेत सरांनी एक प्रश्न विचारला, तेव्हा मी मनातल्या मनात आधी बसलो, मग बोललो. सर ऐकत राहिले. ती पदवी माझ्या घरातली पहिली. तिच्यावर नाव माझं एकट्याचं आहे, ते मला अजून थोडं चुकीचं वाटतं.

आई एकदा टरबूज घेऊन खाप्याहून आली होती. शहरातल्या घरात ती भिंतीला टेकून खाली बसली. काकूंनी तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि मालिका अगदी पहिल्यापासून सांगायला घेतली, आईची शेवटची बस निघून जाईपर्यंत. आई रात्री तिथेच राहिली. खाप्याला गेल्यावर तिनं शेजारणींना माझ्या कॉलेजबद्दल काही सांगितलं नाही. त्या धाकट्या जावेबद्दल सांगितलं.

ही धाकटी जाऊ काकूंची सर्वांत लाडकी. गोष्टीत तिच्यावर चोरीचा आळ आला आणि ती घर सोडून गेली. ती गेली तो भाग काकूंनी सांगितला ती सकाळ मला स्वच्छ आठवते. धाकटीनं जाण्याआधी सगळ्यांची ताटं घासली. थोरलीनं तिला थांबवलं नाही, पण दहीभाताचं ताट समोर ठेवलं. धाकटी दोन घास खाऊन उठली, पेटी घेतली आणि मागच्या दारानं गेली. सिस्टर पदरानं डोळे पुसत दवाखान्यात गेल्या.

"येईल ती," काकू म्हणाल्या. "जेवून गेलेलं माणूस परत येते."

धाकटी आली नाही. वर्षं गेली. मालिकेत लग्नं झाली, बारशी झाली, एक जण मरून परत आला. धाकटीचं नाव कोणी काढलं नाही. काकू मात्र दर दिवाळीच्या भागाला वाट पाहायच्या.

बी.ए.नंतर मला काम मिळालं, तेही घरबसल्या. मालिका आणि सिनेमे दाखवणाऱ्या एका ॲपसाठी मी मजकूर लिहितो. तुम्ही ॲप उघडता तेव्हा प्रत्येक भागाखाली दोन ओळी असतात ना, या भागात काय घडतं ते सांगणाऱ्या? त्या लिहिणारं कोणीतरी असतं. त्यांच्यातला एक मी. खोली तीच, काकूंच्या अंगणातली. मला पहिल्यांदा हे काम कळलं तेव्हा वाटलं, हे तर मी शिकूनच आलो आहे.

काकूंची मालिका ॲपवर आली, तेव्हा तिचे जुने भागही माझ्याकडे आले. मी पहिल्यापासून पाहत गेलो. धाकटी जाते तो भाग यायची वाट पाहत होतो. तो आलाच नाही. एका भागात धाकटी स्वयंपाकघरात उभी होती. पुढच्या भागात नव्हती. थोरली भाजी चिरताना म्हणाली, "ती माहेरी गेली." इतकंच. दहीभात नव्हता, पेटी नव्हती, मागचं दारही नव्हतं.

मी तसाच उठून काकूंकडे गेलो. त्या वाटण करत होत्या. मी विचारलं, तर त्यांनी मिक्सर बंद केला.

"मग? पोरीला उपाशी जाऊ द्यायचं होतं काय?"

आणि मिक्सर पुन्हा सुरू केला.

पुढचं सगळं फार पटापट झालं. टीव्हीवर खाली पट्टी आली, की यापुढची गोष्ट फक्त ॲपवर. काकूंच्या मुलानं हैदराबादहून नवा मोठा टीव्ही पाठवला, मी त्यावर ॲप लावून दिलं. काकूंनी पाहिलं तर आठवड्याचे सगळे भाग एकदम रांगेत उभे. "आजचा कोणता?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तुम्हाला वाटेल तो. त्या बराच वेळ रिमोट हातात धरून बसल्या होत्या.

मावशीच्या पोरीनंही आईच्या फोनवर ते घालून दिलं. मावशी आता गाडीवर, मिरच्यांच्या ढिगाला फोन टेकवून पाहायची. सिस्टर बसमध्ये, कानात इअरफोनची बोंडं घालून, भरभर पळवत. कोणाचंच काही चुकत नव्हतं. सकाळी मावशी गाडी लावायची, भाजी मोजायची आणि जायची. एकदा काकूंनी आपण होऊन सुरुवात केली, "काल थोरलीच्या दारात..." तर मावशी म्हणाली, "थो तं तिचा भाऊ निंघते काकू, मी पुढचे चार पाह्यले ना." तिनं ते आनंदानं सांगितलं. तिला वाटलं आपण काकूंचं काम हलकं केलं.

काकूंनी शेंगा सोलायला घेतल्या. मी माझ्या खोलीत गेलो आणि मधल्या जावेच्या भांडणाच्या दोन ओळी लिहिल्या. लोकांनी आता हेच वाचायचं, आणि तेही कोणी वाचत नाही, हे मला माहीत आहे.

मग मालिका बंद होणार असं ठरलं. शेवटचे भाग माझ्याकडे आधी येतात. काकूंना ते ठाऊक होतं. एका दुपारी त्या माझ्या दारात आल्या. त्या कधी येत नसत.

"बसा काकू."

त्या बसल्या नाहीत. "धाकटी येते?"

मी शेवटचा भाग सकाळीच पाहिला होता. सगळं घर अंगणात जमतं, फोटो काढतात. धाकटी नाही. नावही नाही. मी खुर्ची पुढे सरकवली, त्यावरून त्यांना कळलं.

"खाली लिहितो ते तूच न? मग लिही न बाप्पा, की धाकटी परत आली. कोणाचं काय जाते?"

मी समजावलं, की काकू, जे दिसतं तेवढंच लिहायचं असतं.

"म्हणजे झालेलंच लिहितो तू?"

"हो."

"एवढं शिकून?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. मी त्या संध्याकाळी मला काम देणाऱ्या बाईंना एक लांब मेल लिहिला. एक पात्र कथेतून निघून गेलं आहे, ते कुठे गेलं याचा शेवटी एका वाक्यात तरी उल्लेख व्हावा, निदान संबंधितांना कळवावं, असं नम्रपणे विचारलं. उत्तर म्हणून उभ्या अंगठ्याचं चित्र आलं. त्याचा अर्थ होकार की 'वाचलं', हे मी दोन दिवस स्वतःला विचारत होतो.

शेवटचा भाग काकूंनी सगळ्यांना बोलावून पाहिला. मावशी आली, सिस्टर रजा काढून आल्या. दोघींनी तो आधीच पाहिला होता. मला माहीत होतं, कारण मावशीनं मला सकाळीच सांगितलं होतं. पण दोघी काही न पाहिल्यासारख्या बसल्या, एका ठिकाणी मावशीनं "अगंबाई" असंही म्हटलं. फोटो निघाला. काकू पुढे सरकून फोटोतले चेहरे एकेक पाहत होत्या. त्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचल्या नसतील, तोच चित्र लहान होऊन कोपऱ्यात गेलं आणि एक गाडी स्फोटात उडाली. ॲपनं आपण होऊन दुसरी मालिका लावली होती.

"अरे थांब," काकू टीव्हीला म्हणाल्या. "आमचं होऊ दे न."

मी रिमोट घेतला, पण घाईत नको तेच बटण दाबत राहिलो. ती मालिका बंद होईपर्यंत तिच्यात दोन माणसं मेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं गाडीच्या चाकाला दगड लावला आणि न सांगता पायरीवर बसली. "सांगा ना काकू, काल काय झालं."

मी खोलीतून ऐकत होतो. मला वाटलं, आता शेंग हातात थांबेल, दार वाजेल, धाकटी येईल. काकूच आणतील तिला. दुसरं कोण आणणार?

"तू पाहिलं न वं," काकू म्हणाल्या. "पाहिलेल्याला काय सांगायचं?"

मावशी पायरीवरून उठली. मग दगड काढून गेली.

दोन महिन्यांत मुलगा येऊन काकूंना हैदराबादला घेऊन गेला. त्यांचं काही वाईट नाही तिथे. मी फोन केला की त्या म्हणतात, "सगळं आहे." घरातल्या प्रत्येकाचा वेगळा फोन, वेगळी खोली, कानात बोंडं. जेवायच्या टेबलावर सगळे असतात, पण कोणाचं काही चुकलेलं नसतं. "आणि तू?" त्या विचारतात. मी सांगतो, बरं चाललंय. मग त्या फोन ठेवतात. फोन हा उभ्यानं बोलायचाच प्रकार.

मी अजून त्याच खोलीत राहतो. वेताची खुर्ची मुलानं मला देऊन टाकली. तिच्यात बसून मी मागच्या आठवड्यात काकूंना पत्र लिहिलं. पोस्टातून पाठवलं. फोनवर पाठवलं असतं, तर त्यांनी ते कुठेतरी उभ्याउभ्या वाचलं असतं. पत्र असं होतं:

तीर्थस्वरूप काकूंना साष्टांग नमस्कार.

आधी बसा.

काल आपल्या मालिकेचा एक भाग झाला. तो ॲपवर नाही, शोधू नका. मावशीनंही पाहिलेला नाही. थोरली अंगणात एकटीच होती. फोटो काढून सगळे आत गेले होते. तिच्या हातात काय होतं, ते सांगतो. दह्याचं भांडं होतं. धुतलेलं, रिकामं. ते पालथं घालायला ती मागच्या ओसरीवर गेली. तिथे ती पेटी ठेवल्याचा जुना डाग अजून फरशीवर आहे. थोरलीनं तो पदरानं पुसून पाहिला. निघाला नाही. तेवढ्यात मागचं दार वाजलं.

काकू, इथपर्यंत मी तीनदा लिहिलं. यापुढे मला येत नाही. दारात तीच असेल असं मी लिहू शकतो, पण ते माझ्याच्यानं बातमीसारखं होतं. ती आत कशी येते, थोरली आधी काय बोलते, भात गरम आहे की नाही, हे तुम्हालाच ठाऊक.

तुमचं दूध उतू जात नसेल, तर सांगा.

मी बसलो आहे.