नुसतं गवत

आधी पोहे खाऊ घालून मग प्रश्न विचारणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पोहे होते, वर चहाही होता, म्हणून मी जरा जास्तच सावध बसले होते.

गोंदियाहून एका संस्थेच्या मॅडम आल्या होत्या. वय असेल पंचविशीचं, पाठीला सॅक, बोलणं गोड. आमच्या तलावाचा पुढचा आराखडा म्हणे गावानेच करायचा. गाळ कुठून काढायचा, मासे कुठे वाढू द्यायचे, पाणी कोणाच्या शेताला आधी, सगळं आम्हीच ठरवायचं. त्यांनी फरशीवर रांगोळीच्या पुड्या मांडल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला माहीत आहे तसा तलाव काढा. मी फक्त उतरवून घेईन."

उतरवून घेईन म्हटल्यावर मी कान टवकारले. मागे एकदा असाच एक साहेब तलाव पाहायला आला होता. उन्हाळ्यात मासे कोणत्या खड्ड्यात दडतात, ते आम्ही भाबडेपणाने बोट करून दाखवलं. पुढच्या वर्षी तलावाचा ठेका बाहेरच्या माणसाला गेला आणि त्याचं पहिलं जाळं बरोबर त्याच खड्ड्यात पडलं. दोन्हींचा संबंध होता की नाही, देव जाणे. मी तो जोडला आहे आणि अजून सोडलेला नाही.

बायका मात्र रंगात आल्या. पांढऱ्या रांगोळीने पाळ, म्हणजे तलावाचा बांध काढला, निळ्याने पाणी, पिवळ्याने आमची धानाची शेतं. माझी सासू, तिला मी माय म्हणते, हिरव्याची चिमूट घेऊन उत्तरेच्या कोपऱ्याकडे सरकली. तिथे काय आहे ते हॉलमधल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. तिथे देवधान होतं.

देवधान म्हणजे तलावात आपोआप उगवणारं रानटी धान. त्याला ना नांगर लागतो ना पेरणी. ऋषिपंचमीच्या उपासाला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, म्हणून त्या दिवशी आम्ही याचाच भात खातो. दाणा पिकला की लगेच पाण्यात गळून जातो. त्यामुळे पिकायच्या आधीच कमरेएवढ्या पाण्यात उतरून ताटांच्या जुड्या बांधून ठेवाव्या लागतात. प्रत्येक घराची गाठ वेगळी, आणि दुसरीच्या जुडीला कोणी हात लावत नाही. मायची गाठ डावीकडून दोनदा फिरवलेली. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिने ती मला शिकवली. दागिन्यांच्या डब्याची किल्ली अजून दिलेली नाही.

मी मायचा हात धरला.

"काऊन वं?" ती कुजबुजली.

"चूप राय. दाखवू नोको."

मॅडमनी पाहिलंच. "तिथे काय आहे, ताई?"

"काही नाही जी. नुसतं गवत हाय."

मग मागून एकजण म्हणाली, "हो, गवतच हाय." दुसरीने भर घातली, "अना गाळ." एवढं एकमत आमच्या गावात त्याआधी कधी झालं नव्हतं. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं, मायने चिमूट पुन्हा पुडीत सोडली, आणि मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

महिन्याभराने ग्रामसभेत आराखडा वाचून दाखवला. मी शब्द न् शब्द पकडत होते. ठेका कोणाला? आमच्या शेताची हद्द कुठे सरकवली? बोटी-बिटी आणून तलाव विकणार आहात का? तीनदा उठले, तीनदा मॅडमनी शांतपणे उत्तर दिलं, आणि मला त्या शांतपणाचाही संशय आला. 'उत्तर कोपऱ्यातील गवत व गाळ काढून खोली वाढवणे' हेही वाचलं गेलं. मी ते ऐकलं. यांना अजून पत्ता लागलेला नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी समाधानाने सही केली. माझ्या सहीखाली मायने केली.

वैशाखात माय सालेकशाला लेकीकडे गेली होती, तेव्हा जेसीबी आला. मी धावत पाळीवर पोचले तोवर अर्धा कोपरा ट्रॉलीत होता. मी ओरडले तसा मशीनवाल्याने काच खाली केली. "भाभी, नक्शे में तो घास लिखा है."

मॅडमना फोन लावायला मोबाइल काढला. पण सांगणार काय? मी सगळ्यांसमोर खोटं बोलले म्हणून? लाज वाटली. मोबाइल परत ठेवून दिला. ती लाज मी गिळली असती तर निदान अर्धा कोपरा वाचला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. संध्याकाळी आमच्याच घरच्यांनी त्या गाळाच्या चार ट्रॉल्या शेतात टाकल्या.

माय परत आली, पाळीवर जाऊन उभी राहिली, घरी आली.

भाद्रपद लागला. आम्ही धान निंदत होतो. माय एकदम थांबली, वाकली, बुडाशी तांबूस असलेलं एक ताट उपटून तिने डोळ्यांजवळ नेलं. आजूबाजूला तसली बरीच होती. देवधान! गाळाबरोबर बी आलं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

"माय, घरीच आलं न वं! आता पाण्यात उतराचं कामच नाही."

"नांगराच्या मातीतलं उपासाले चालते काय?" माय म्हणाली. "इथं थे नुसतं गवत हाय."

तिने ती सगळी ताटं मातीसकट टोपलीत घेतली आणि तलावावर गेली. मी मागोमाग. कोपऱ्यात आता गळ्याच्या वर पाणी होतं. कडेला जेवढी जागा सापडली तेवढ्यात आम्ही ती रोवली. काही तिथेच तरंगून वर आली, ती मायने पुन्हा रोवली. ऋषिपंचमीला तिने नुसती फळं खाल्ली. डब्यात गेल्या वर्षीचं मूठभर देवधान होतं, ते तिने शिजवलं नाही, कोपऱ्यात टाकायला राखून ठेवलं.

यंदा मॅडम पुन्हा आल्या. पोहे नव्हते, नुसता चहा. तरीही मी त्यांच्या वहीवर डोळा ठेवूनच बसले होते. रांगोळीत पाळ उमटली, पाणी उमटलं. मॅडमनी उत्तरेकडे बोट केलं आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "ताई, इथे नक्की काय होतं?"

या वेळी मी खरं सांगणार होते. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात मायने हिरव्या रांगोळीची पुडी स्वतःकडे ओढली. "मॅडम, हिले नोका इचारू," ती म्हणाली.

बायका हसतील म्हणून मी वाट पाहिली. कोणी हसलं नाही.