मालेम बुशताच्या भिंगाचा अक्ष

मालेम बुशता स्वतःचीच भिंत फोडत होता.

शुक्रवारची दुपार. नमाज सुटली होती आणि मी वाफवलेल्या कुसकूसची परात घेऊन नणंदेकडे निघाले होते. पाणपोईच्या वळणावर बाया बादल्या हातात धरून नुसत्या उभ्या. मधोमध स्टुलावर सत्तरीचा म्हातारा, हातात हातोडी. त्यानेच कधीकाळी मढवलेल्या पाणपोईच्या भिंतीवरून एकेका घावासरशी हिरव्या-पांढऱ्या ठिकऱ्या हौदात पडत होत्या.

"अरे, आवरा की कुणीतरी मालेमला!" भजीवाला अल्लाल ओरडत होता. पुढे मात्र तोही होईना.

"हात लावशील तर बघ!" मालेम वळून म्हणाला. "वाकडी हाय ही भित. चाळीस वर्सं वाकडी हाय, आन् तुमी एकानंबी तोंड उघडलं न्हाई. हसत आसशीला मनात. एकडोळ्यानं केलंय म्हनून!"

त्याच्या नाकावर आमच्या दुकानातला चष्मा होता. बुधवारी मीच बसवून दिलेला. माझ्या हातातली परात कधी खाली टेकली, कळलंच नाही.

फेस शहराच्या जुन्या गल्ल्यांत या माणसाला नावाने हाक मारत नाहीत. नुसतं 'मालेम' म्हणतात, म्हणजे हुन्नरातला उस्ताद. त्याचं काम उलटं चालतं. चकाकी दिलेले भाजक्या मातीचे तुकडे रंगाची बाजू खाली करून जमिनीवर मांडायचे. वर दिसते ती फक्त मातकट पाठ. तारे, कोन, पट्टे सगळे डोक्यात. मग वरून चुना ओतायचा, वाळला की लादी उभी करायची आणि तेव्हा कुठे नक्षी दिसायची. बाकीचे उस्ताद दोरी लावून खात्री करून घेतात. बुशताने जन्मात दोरी धरली नाही. एकोणिसाव्या वर्षी उडालेल्या कपच्याने डावा डोळा नेला, तरी नाही. "एक डोळा हाय, पन हाय तो बारा डोळ्यांच्या तोडीचा," म्हणायचा. त्यावर बायको, खद्दूज, आतून ओरडायची, "म्हणूनच मला पसंत केलंत ना? दुसरा असता तर पळून गेला असतात!"

तोच डोळा हल्ली पुसट झाला होता. डॉक्टरने चिठ्ठी दिली, ती घेऊन तो आमच्याकडे आला. चिठ्ठीवर तीन आकडे होते. पहिल्या दोन आकड्यांनी भिंगाची ताकद कळते. तिसरा आकडा अक्षाचा. ज्याच्या बुबुळाची गोलाई चेंडूसारखी नसून एका अंगाने चेपलेली असते, त्याला एकाच दिशेने जोर देणारं भिंग लागतं. ते कुठल्या कलाने बसवायचं, हे अक्ष सांगतो. एकपासून एकशेऐंशी अंशांपर्यंत. आमचे मालक हाज तिहामी पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, "बतूल, नंबर चुकला तर गिऱ्हाईक भांडायला येतं. अक्ष थोडका चुकला तर येतच नाही. सरळ ते कललेलं दिसतं आणि ते घरी बसून आपलंच डोकं फिरलं म्हणतं."

बुधवारी चष्मा घालून मालेम खूष झाला होता. "लई साफ दिसतंय, पोरी." मग चौकटीकडे बघून म्हणाला, "दार कललंय की तुमचं."

हाज हसले. "मालेम, आठ दिवस जमीनसुद्धा हलेल. नवा चष्मा असाच असतो."

खरंच असतो. म्हणून मीही हसले.

आता त्या पाणपोईपाशी मला हसू कुठलं येतंय! मी स्टुलापाशी गेले. "मालेम, चष्मा द्या इकडे."

"का? खरं दावतोय म्हनून?"

मी तो ओढूनच घेतला आणि पळत सुटले. हाजना उठवून दुकान उघडायला लावलं, भिंग यंत्रावर ठेवलं. काटा दहावर होता. चिठ्ठीवर होते एकशेसत्तर.

हाजनी चिठ्ठी पाहिली, काटा पाहिला आणि खाली बसले. अक्ष दाखवायला भिंगावर शाईचे तीन ठिपके देतात. ते देताना भिंग माझ्याकडून पालथं पडलं होतं. पालथ्या भिंगावर उजवीकडचा कल डावीकडे जातो, एकशेसत्तरचे दहा होतात. एवढीच चूक. फ्रेमचा स्क्रू हाजनी सैल केला. फ्रेम गोल होती, भिंग तिच्यातच फिरवता आलं.

मी परतले तेव्हा अर्धी भिंत गेली होती. खद्दूजही आली होती. मालेम हौदाच्या काठावर बसला होता.

"चूक माझी आहे," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "भिंग मी तिरकं बसवलं. भिंत नाही वाकडी."

त्याने चष्मा घातला. उरलेल्या अर्ध्या भिंतीकडे पाहिलं. काढला, पुसला, परत घातला.

"दोरी आन," तो म्हणाला.

खद्दूजने तोंडावर हात ठेवला. अल्लालने तराजूचं वजन सुतळीला बांधून दिलं. मी ती वरून सोडली. हिरव्या ताऱ्यांची कड सुतळीला लागून वरपासून खालपर्यंत उतरली होती. केसाचंही अंतर नव्हतं.

"सरळ व्हती," मालेम म्हणाला. "चाळीस वर्सं सरळ व्हती गं. आन् म्या..."

खद्दूज त्याच्याशेजारी बसली.

मला वाटलं, आता शिव्या देईल. हातोडी फेकून मारली असती तरी मी हलले नसते. पण त्याने वाकून हौदातले तुकडे गोळा केले. धड तेवढे निवडले आणि जमिनीवर पालथे मांडायला घेतले, पाठी वर. चार तुकडे मांडले आणि हात थांबला. त्या मातकट पाठींकडे तो बघत राहिला. जणू ही नक्षी दुसऱ्याच कुणाची होती.

"दोरी सोडू नगंस, पोरी," तो म्हणाला. "हितं धर."

मी जमिनीवर सुतळी ताणून धरली. त्याने पाचवा तुकडा तिला लावून ठेवला आणि मान वर केली.

"सरळ हाय का?"

"आहे, मालेम."

सहावा ठेवला.

"हा?"