वारलेल्या बाईचं ओलं ताट

बेंगळुरूत जयनगरला राहणाऱ्या सकवारबाईंना कुठल्याही वृद्धाश्रमात न्या, त्या आधी मोरी गाठणार. जन्मभर सरकारी इस्पितळात नर्स म्हणून राबलेली ही बाई निवृत्तीनंतर वृद्धाश्रम तपासणाऱ्या सरकारी पथकावर आली, पण खोड जाते थोडीच! ऑफिसात आजाऱ्याला वेगळं काढू नका म्हणणाऱ्या कायद्याची पाटी सगळेच टांगतात हो, त्या म्हणायच्या. आजारी माणसाला माणसांत ठेवलंय की नाही, ते खरकट्या भांड्यांवरून कळतं.

हेब्बाळच्या तळ्याजवळच्या त्या आश्रमात त्या पोचल्या, तेव्हा भर दुपारची जेवणं चालली होती. सोबत पथकाचे अधिकारी सुधींद्र. फरशी लख्ख, पडदे इस्त्रीचे. सुधींद्र तर खूशच झाले. फक्त आवाज नव्हता. एवढी म्हातारी माणसं जेवतायत, आणि ना खोकला, ना कुरकुर, ना कुणी भाताला नावं ठेवतंय! सकवारबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

जेवणं चालू, म्हणून मोरी रिकामी. पण पार गटाराच्या कडेला एक ताट पालथं घातलेलं. इथे जो तो घरून ताट घेऊन येतो, काठावर नाव कोरलेलं. या ताटावर होतं, अनुसूया. सकवारबाईंनी ते उचललं. ओलं होतं, आणि काठाला साराची कोथिंबीर चिकटलेली.

"त्या वारल्या, मॅडम," मॅनेजर बिंदुमाधव मागे येऊन उभे राहिले होते. "ताट तेवढं राहिलंय."

बाईंनी ताट तिथेच ठेवलं. सरळ जेवणाच्या खोलीत गेल्या आणि टोकाला बसलेल्या, ओळखीतल्या गुंडोअण्णांच्या शेजारी टेकल्या. अण्णा आपल्यातलेच, जुने बेंगळुरूकर मराठी. घरच्या बोलीत विचारलं, की माणूस मोकळं बोलतं.

"अण्णा, अनुसूया कुठाय?"

"वारली, अक्का." अण्णांनी ताटातली नजर काढली नाही. "तसं सांगितलंय आम्हाला."

"मग तिचं ताट ओलं कसं?"

"वारली, पण जेवते की रोज. गुणगुणते पण. मागच्या खोलीतून ऐकू येतं. आम्ही तिकडे बघत नाही." आज भाजी कसली आहे ते सांगावं, इतक्या सहज ते हे बोलले.

आणि तेवढ्यात ते ऐकू आलं. कुणीतरी अंगाई गुणगुणत होतं. खोलीतले सगळे हात घासासकट थांबले. एकानेही मान वळवली नाही.

"मॅडम, स्वल्प, जरा थांबा," सुधींद्रांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"सरी, बरं, तुम्ही थांबा," म्हणत बाई निघाल्यासुद्धा.

मागच्या दाराला कुलूप नव्हतं. कडीही नव्हती. ढकललं तर आत खाटेवर एक बाई, केस नीट विंचरलेले, उशाशी गोळ्या. गोळ्या बघून सकवारबाईंना आजार कळला. तो कुणाला झालाय हे चारचौघांत सांगायला कायद्याने बंदी आहे, म्हणून मीही त्याचं नाव घेत नाही. औषधाने तो आटोक्यात राहतो, शेजारी बसून जेवल्याने कुणाला लागत नाही, आणि त्यापायी कुणाला वेगळं काढायचं नाही, असं तोच कायदा सांगतो. बिंदुमाधवांना हे सगळं ठाऊक होतं, मेल्याला!

"लोक घाबरतात, मॅडम," ते दारातून म्हणाले. "वारली म्हटलं की कुणी विचारत नाही. आणि आम्ही कुठे कोंडलंय? दार उघडंच आहे."

"म्हणूनच जास्त भीती वाटतेय मला!" सकवारबाई कडाडल्या. एवढा पारा त्यांचा इस्पितळातही कधी चढला नव्हता.

अनुसूया त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला मी दिसते?"

आता मात्र बाईंना रडू आवरेना. त्यांनी तिचा हात धरला. चांगला ऊबदार होता.

मागोमाग आलेल्या सुधींद्रांनी तिथल्या तिथे बजावलं, आजपासून ह्या बाई सगळ्यांसोबत जेवतील, नाहीतर आश्रमाची नोंदणी रद्द करा असं मी लिहितो. बिंदुमाधव मुकाट्याने बाजूला झाले. सकवारबाईंनी अनुसूयाला चालवत आणलं, गुंडोअण्णांच्या शेजारी बसवलं. आधी एकटीने जेवली होती, तरी समोर पुन्हा दोन घास भात आला.

"अण्णा, मीठ सरकवा जरा," अनुसूया म्हणाली.

अण्णांचा हात मिठाच्या भांड्याकडे गेलाच नाही. अनुसूयाकडे न बघता ते सकवारबाईंच्या कानाशी वाकले.

"अक्का," ते कुजबुजले, "तुम्हालाही ऐकू आलं?"

ते अनुसूयानेही ऐकलं. ती उठायला लागली, मागच्या खोलीकडे जायला. सकवारबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं, तिला परत खाली बसवलं आणि मीठ स्वतः वाढलं.