आत्याच्या छातीवरची गाठ

माझ्या आत्याच्या छातीवर, उजव्या खांद्याजवळ, लिंबाएवढी गाठ आली तेव्हा मी बारा वर्षांची होते. निजामाचं राज्य होतं. आमच्या जळकोटला डॉक्टर नव्हता, म्हणून वडिलांनी तालुक्याहून सरकारी डॉक्टरांना आणलं. पण आत्या परपुरुषाला छाती दाखवायला तयार होईना. शेवटी दारात लुगडं टांगलं. बाहेर डॉक्टर बसले, आत आत्या. ते विचारतील तसं मी हात लावून सांगायचं ठरलं.

"गाठ कैसी है, बेटी?"

"मऊ आहे, गरम आहे. आत पू आहे," मी ठामपणे सांगितलं.

गळू म्हणून चिरायचं ठरलं. चाकू उकळायला टाकला. पाणी खळखळू लागलं तेव्हा मला आठवलं, की गाठ पिकावी म्हणून आईनं सकाळपासून जवसाचं गरम पोटीस बांधलं होतं आणि ते मी नुकतंच सोडलं होतं. ऊब त्याचीच असली तर? सगळ्यांसमोर चूक कबूल करायची लाज वाटली, पण सांगितलं.

डॉक्टर रागावले नाहीत. "दिखा सो बोल, बेटी. समझी सो नक्को बोल."

अर्ध्या तासानं पुन्हा हात लावला. गाठ गार होती. कातडीखाली निळसर दिसत होतं. दाबली की बसायची, बोट काढलं की हळूहळू भरायची. आत्याला वाकायला सांगितलं, तर आणखी फुगली.

"पुरण शिजलं का बघतीस व्हय गं?" आत्या म्हणाली.

"दुखतंय का ते सांगा आधी," मी म्हणाले.

"दुखत न्हाय. गुदगुल्या व्हत्यात."

दिसलं तेवढंच मी बाहेर डॉक्टरांना सांगितलं. मग डॉक्टरांनी चाकू पाण्यातून काढून परत ठेवायला लावला. ही रक्तवाहिन्यांची गाठ आहे, असं त्यांनी वडिलांना समजावलं. अशी त्यांनी पूर्वी एकदाच पाहिली होती. ती कर्करोगाची नव्हती, पण इथं चिरली असती तर रक्त थांबवणं त्यांच्या हाती राहिलं नसतं.

आत्याला सोलापूरला नेलं. तिथं बाई डॉक्टर होत्या, एक्स-रेची सोय होती. गाठ फासळ्यांच्या आत गेलेली नव्हती. बाईंनी आधी गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बांधल्या, मग ती अख्खी काढली.

महिन्याभरानं आत्या घरी आली. उजवा हात अजून डोक्यापर्यंत जात नव्हता, त्यामुळं काही दिवस तिचा अंबाडा मीच घालत असे.