डासबाईंना दिलेले पट

रक्त काढणाऱ्या बाईला डासबाई म्हणायचं पहिल्यांदा कुणाला सुचलं, ते आता कुणालाच आठवत नाही. पण नाव चिकटलं आणि बाईंनीही ते हसतहसत लावून घेतलं. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये, खिडकीजवळच्या निळ्या खुर्चीपाशी, त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. सुईला भिणारे लोक रांगेत आपला नंबर मागे सोडत, पण रक्त देत ते डासबाईंकडेच. हात हीच त्यांची इस्टेट होती.

या इस्टेटीला पहिल्यांदा बोल लावला तो गोल्फने. रविवारी सकाळी सार्वजनिक मैदानावर चौघांचा कंपू जमे. डासबाई, त्यांची धाकटी नणंद, औषधांच्या दुकानाचे मालक केमिस्टसाहेब आणि निवृत्त बसड्रायव्हर. लांबचा टोला डासबाई बरा हाणत. गाडी अडे ती शेवटी, होलजवळच्या गुळगुळीत हिरवळीवर. तिथे चेंडू नुसता हलकेच ढकलून होलात घालायचा असतो. त्यालाच पट म्हणतात. हातभरावरून डासबाईंचा पट चुकला की ड्रायव्हर म्हणत, शीर सापडली नाही वाटतं. सगळे हसत. डासबाईही हसत आणि घरी आल्यावर भांडी जरा जोरात आपटत.

मग त्यांनी मन एकाग्र करायचा चंगच बांधला. मोबाईलवर एका शिकवणाऱ्याचे व्हिडिओ पाहिले. तो सांगे, चेंडूवरचा एकच ठिपका धरा, श्वास सावकाश सोडा, चेंडू निघाला तरी मान वर करू नका, तो होलात पडलेला कानाने ऐका. घरातल्या पॅसेजमध्ये पेला आडवा ठेवून सराव सुरू झाला. नवरा बिचारा भिंतीला चिकटून न्हाणीघरात जाई. हा खेळ आहे की तपश्चर्या, असं त्याने एकदा विचारलं. डासबाई ठिपक्यात होत्या.

घरात चेंडू पेल्यात पडू लागला. मैदानावर मात्र तो ढकलायची वेळच येईना.

त्याचं असं, की गोल्फमध्ये मित्रामित्रांत एक रीत आहे. दुसऱ्याचा चेंडू होलच्या अगदी तोंडाशी थांबला, आता तो डोळे मिटूनही जाईल असं दिसलं, की म्हणायचं, "उचला, दिला." पट न मारताच मारल्यात धरला जातो. तो एक मान असतो. पण या मंडळींनी डासबाईंना हातभरावरचे पट द्यायला सुरुवात केली, आणि पुढे तर चांगले लांबलांबचे. त्यांनी ठिपका धरून श्वास सोडायला घेतला, की नणंद म्हणे, "वहिनी, उचला, दिला." बाकीचे दोघे लगेच माना डोलवत. आपापसात मात्र वीतभरावरचाही पट कुणी सोडत नसे.

डासबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. उतारवयात त्यांचे हात कापायला लागले, ते गिऱ्हाइकांना आधी कळलं. पण तोंडावर कुणी बोललं नाही. लोक मनगटी घड्याळं आणेनासे झाले, भिंतीवरची तेवढी आणत आणि वर म्हणत, सावकाश करा, घाई नाही. वडील त्या सवडीवर कितीतरी दिवस खूश होते. ज्या दिवशी त्यांना उमगलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत. भलेपणा किती लबाड असतो ते डासबाईंनी त्या दुकानात पाहिलं होतं. फसवणारा परवडला, सांभाळून घेणारा नको, असं त्यांचं तेव्हापासूनचं मत.

आता त्या डोळ्यांत तेल घालून बघू लागल्या, आणि अशा डोळ्यांना हवं ते दिसतंच. नणंद थर्मासमधून चहा ओतताना त्यांचा कप अर्धाच भरू लागली होती. अर्धा कप कुणाला देतात? ज्याच्या हातून सांडेल त्याला. केमिस्टसाहेब त्यांच्या बोटांकडे टक लावून बघत. ड्रायव्हरने शिरेचा विनोद बंद केला, हा तर ढळढळीत पुरावाच. लॅबमधल्या मुख्य बाईंनी एक रडणारं पोर नव्या मुलीकडे पाठवलं, तेव्हा तिथेही पाणी मुरतंय हे डासबाईंना पटलं. घरी येऊन त्यांनी पसरलेल्या बोटांवर कागद ठेवला. कागद थरथरला. डोक्यावर पंखा गरगरत होता, हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं. पंखा बंद केला तर कागद कमी हलला. पण हलला.

ज्या हातावर इतकी वर्षं कधी पहारा नव्हता, त्यावर आता दिवसभर पहारा बसला. व्हायचं तेच झालं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांनी दोनदा टोचलं. गृहस्थ म्हणाले, असू दे हो, होतं असं कधीकधी. डासबाईंना ते शब्द सुईपेक्षा लागले. असू दे म्हणणारा माणूस पुढच्या वेळी दुसऱ्या खुर्चीत बसतो.

आणि पुढच्याच रविवारी, होलातून चेंडू काढायला नणंद वाकली तेव्हा तिची बाही वर सरकली. कोपराच्या खोबणीत रक्त काढल्यावर लावतात ती गोल पट्टी होती. सासरच्या झाडून सगळ्यांचं रक्त आजवर डासबाईंनी काढलेलं. ही पट्टी त्यांनी लावलेली नव्हती.

डासबाई दुपारभर अंथरुणावर पडून होत्या. रडू येत होतं आणि रागही येत होता. हात गेला असेल तर लोकांनी भिंतीवरची घड्याळं आणून देण्याआधी आपणच खुर्ची सोडायची, एवढं त्यांनी ठरवलं. पण आधी घरच्या माणसाच्या तोंडून ऐकायचं. उन्हं उतरल्यावर त्या नणंदेच्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. नणंद स्टुलावर बसून भाजी चिरत होती.

"माझा हात कापतो, म्हणून तू दुसरीकडे रक्त दिलंस. खरं की नाही?"

नणंदेची सुरी थांबली. "तुमच्या हाताला काय झालंय?"

"वेड पांघरू नकोस. पट देता, अर्धा कप चहा देता. मी काय दुधखुळी आहे?"

नणंदेने सुरी खाली ठेवली आणि जे सांगितलं ते अगदी हळू आवाजात. महिनोन् महिने तिला थकवा होता. वजन उतरत होतं. डासबाई ठिपका धरून उभ्या राहत, तेवढा वेळ तिला उभं राहवत नसे. म्हणून तिनेच त्या दोघांना गळ घातली होती, की वहिनींना पट देऊन टाकत जा. भरलेला थर्मास उचलवत नव्हता, म्हणून ती तो अर्धाच भरून आणत होती.

"सगळ्यांनाच अर्धा कप देते मी," ती म्हणाली. "तुम्ही तुमचाच बघितलात."

डासबाईंनी नुसतं विचारलं, मग माझ्याकडे का नाही आलीस.

"तुम्ही रिपोर्ट वाचला असतात. त्याच संध्याकाळी दादाला कळलं असतं. तो घाबरतो हो. पहिल्या तपासणीत काहीतरी वेगळं आलंय, पुन्हा रक्त मागितलंय. आणि तिथल्या पोरीने माझ्या हाताची चाळण करून ठेवलीय." तिने बाही वर केली. दंड निळाकाळा झाला होता.

डासबाईंना स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. इतके रविवार त्यांनी तिघांच्या चेहऱ्यांवर पाळत ठेवली, आणि हे तोंड किती उतरलंय ते दिसलं नाही. उद्या सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये ये, म्हणाल्या. नणंदेने हात जोडले, दादाला मात्र सांगू नका म्हणाली. डासबाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत.

सकाळी नणंद निळ्या खुर्चीत बसली. डासबाईंनी आधीच सांगून टाकलं, परवा माझ्याकडून एकाला दोनदा टोचलं गेलंय, बघ, नको असेल तर नव्या मुलीला बोलावते. नणंदेने हात पुढे केला.

रबरी पट्टा आवळताना तो नेहमीपेक्षा फार पुढे गेला. एवढासा दंड उरला होता. शीर खोल गेलेली, आणि सभोवती सगळं ठेचाळलेलं. डासबाईंनी बोटाने दाबून दाबून ती शोधली. पोरीला दुखू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. सुई कधी आत गेली ते नणंदेला कळलं नाही आणि आपला हात स्थिर होता की नाही, हे बघायचं डासबाईंना सुचलं नाही. नळी भरली. त्यांनी कापूस दाबून धरला.

"रिपोर्ट कधी?" नणंदेने विचारलं.

"संध्याकाळी. तुझा दादा बाहेर बाकावर बसलाय. मी सांगितलं त्याला."

नणंदेने हात झटकन मागे घेतला. "वहिनी, मी तुम्हाला विनवलं होतं."

"विनवलं होतंस. नाही ऐकलं मी. रागाव हवं तर, पण तुला एकटीला सांभाळून घेत बसू देणार नाही."

नणंद खरंच रागावली होती. कापूस दाबून ती तशीच बसून राहिली, डासबाईंकडे बघेना. बाहेर कुणीतरी खोकलं. तो खोकला ती लहानपणापासून ओळखत होती. आणि मग रांगेतल्या लोकांनी वळून पाहावं एवढ्या मोठ्याने तिने हाक मारली, "दादा!"