परतजाऊ

माझ्या धाकट्या जावेला घरात सगळे ‘परतजाऊ’ म्हणतात. हे नाव माझ्या यजमानांनी ठेवलं. डोंगरावर गेलं की हिचं एकच वाक्य ठरलेलं असे, “चला, परत जाऊ.” आणि नात्याने ती माझी जाऊ. ह्यांना शब्दांच्या कोट्या करण्याचा नाद होता. एकदा तिने आम्हाला अर्ध्या वाटेवरून मागे फिरवलं, तेव्हा हे म्हणाले, “लोकांना एक सख्खी जाऊ असते, एक चुलत जाऊ असते. आमच्याकडे परत जाऊ आहे.” ती स्वतःच सगळ्यांत जास्त हसली. मग म्हणाली, “दादा, पण त्याचा दुसरा अर्थही आहेच की. परत जाऊ म्हणजे पुन्हा जाऊ. आज मागे फिरलो तरच पुन्हा येता येईल ना?”

ती हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायचं काम करायची. तिची खोली मी अनेकदा पाहिली आहे. खिडकीपाशी उंच टेबल, त्यावर मेणकापड, कोपऱ्यात नळ, आणि फरशीवर कितीही पुसलं तरी न जाणारे पांढरे ठिपके. प्लास्टरची गुंडाळी ती कोमट पाण्यात उभी धरायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत हलवायची नाही. मग अलगद पिळायची. हातापायावर आधी कापूस, त्यावर ही ओली पट्टी, आणि ती बसवायची ती तळव्यांनी. बोटांनी दाबलेलं तिला खपत नसे. बोटाचा खळगा पडला तर तो वाळल्यावर आतून कातडीला टोचत राहतो. प्लास्टर कापायच्या यंत्राचा आवाज ऐकून लहान मुलं रडायला लागली की ती ते थरथरतं पातं आधी स्वतःच्या तळहाताला लावून दाखवायची. “बघ, हे कडक गोष्टीलाच चावतं. मी मऊ आहे. तू आहेस का मऊ?” मूल विचारात पडे, तोवर अर्धं काम झालेलं असे.

पट्टी वाळेपर्यंत ती प्रत्येकाला विचारायची, “कसे पडलात?” ही चौकशी दवाखान्याच्या कामाची नव्हती, तिची स्वतःची होती. मी एकदा विचारलं, काय सांगतात लोक?

“ताई, चढताना पडलेला माणूस मला क्वचितच भेटतो. बहुतेक सगळे उतरताना. जिना असो, शिडी असो, डोंगर असो. आणि सगळ्यांचं एक वाक्य सारखं असतं, ‘आता थोडंच राहिलं होतं.’”

त्यामुळे आमच्या सहलींची आखणी ती शेवटापासून करायची. आधी ठरायचं, संध्याकाळी घरी किती उजेड असताना पोचायचं. मग उतरायला किती वेळ, मग वर किती वाजता पाठ फिरवायची, आणि सगळ्यात शेवटी, निघायचं कधी. त्यात थोडा वेळ ती कशालाच न लावता तसाच ठेवायची. “रिकामा वेळ हाही सामानातच धरायचा,” असं म्हणायची. आदल्या दिवशी ती आमच्याकडे येऊन सगळ्यांची पायाची नखं तपासायची. उतरताना बोटं बुटावर आपटतात आणि वाढलेलं नख उलटतं. निवृत्तीला टेकलेले माझे यजमान, टपाल कचेरीत ज्यांच्यापुढे माणसं उभी राहत, ते सोफ्यावर बसून मुकाट्याने पाय पुढे करत. “अंगठ्याचं राहिलंय, दादा.” “हो, बाईसाहेब.”

खालच्या औषधांच्या दुकानदाराला ती कुठे चाललो, कोणत्या वाटेने चाललो ते सांगून ठेवायची. “दिवे लागेपर्यंत आलो नाही तर या नंबरावर फोन करा.” आम्ही वेळेवर परतलो की तो म्हणायचा, “आलात का? मी रडायला रुमाल काढून तयार होतो.”

आता माझ्या दिरांविषयी. हे तिचे यजमान. बसचालक. भाऊजींना थांबणं ठाऊक नव्हतं आणि मागे वळणं तर मुळीच नाही. “उभ्या आयुष्यात गाडी मागे घेतली नाही गं मी, ती तू घ्यायला लावतेस,” असं ते बायकोला म्हणत. क्लच दाबून दाबून त्यांचा डावा गुडघा गेला होता. डॉक्टरांनी गुडघा बदलायचं ठरवलं, तारीखही दिली, आणि सांगितलं की त्यानंतर चालणं होईल, पण डोंगर विसरा.

भाऊजींना एकच डोंगर विसरता येत नव्हता. आमच्या गावाबाहेरचा, ज्याच्या माथ्यावर टोपीसारखा खडक बसलेला आहे. सगळे त्याला ‘टोपी’च म्हणतात. जवळजवळ सगळा चढ सोपा आहे. शेवटी एक तिरका कातळ लागतो, दोन मजली घराएवढा, पाय रोवायला खाचा असलेला. कोणीतरी त्याच्या वरच्या कडेला लोखंडी कडी ठोकून ठेवली आहे. एकाने कमरेला दोर बांधून वर जायचं, दोर कडीतून ओवायचा, मग बाकीच्यांनी त्याच्या आधाराने चढायचं. कातळाच्या वर माथ्यापर्यंत रुंद, गवताळ वाट आहे, खालूनही दिसते.

इथपर्यंत भाऊजी तीनदा आले होते आणि तिन्ही वेळा हिने परत फिरवलं होतं. एकदा वाऱ्यामुळे, एकदा पाहुण्याच्या नव्या बुटांनी टाचा सोलल्या म्हणून. तिसऱ्या वेळी तर काहीच झालं नव्हतं. फक्त ठरलेली वेळ टळून गेली होती. आमच्या मागून आलेली एक टोळी आमच्यासमोर वर गेली आणि हसत-खिदळत, अगदी सुखरूप, आमच्या पाठोपाठ खाली आली. रात्री जेवताना भाऊजी म्हणाले, “त्यांचं काय बिघडलं?”

“काहीच नाही,” ती म्हणाली. “छान झालं. ते सुखरूप आले म्हणून आपलं चुकलं असं नाही, आणि ते पडले असते म्हणजे मी शहाणी ठरले असते असंही नाही.”

“मग कधी जायचं गं टोपीवर? नव्या गुडघ्याने?”

शस्त्रक्रियेच्या आधीच्या रविवारी तिने स्वतःच आम्हाला फोन केला. “ताई, नखं कापा. ह्यांना टोपीवर न्यायचंय.”

आम्ही चौघं दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच निघालो. भाऊजी दोन काठ्या टेकत, मध्ये मध्ये थांबत चालले होते. तिने त्यांच्या गुडघ्याच्या वेगानेच सगळा हिशेब मांडला होता, त्यामुळे कोणालाही घाई नव्हती. कातळाखाली पोचलो तेव्हा हाताशी भरपूर वेळ होता. तिने पिशवी उघडून दोर बाहेर काढला. तो ती नेहमी पूर्ण उलगडून, हाताखालून घालून तपासत असे. ती ते करत असताना भाऊजींना धीर निघेना.

“मी नुसता पाय लावून बघतो,” ते म्हणाले आणि पहिल्या खाचेत उजवा पाय रोवला. त्याच क्षणी कुठूनशी सर आली. वर एवढासा ढग, पण थेंब टपोरे. भाऊजींचा पाय सरकला आणि ते पुन्हा जमिनीवर आले. तिने मान वर केली आणि जोरात म्हणाली, “परत.”

तिला म्हणायचं होतं, मागे या.

भाऊजींनी ऐकलं, पुन्हा करा.

तीनदा नकार ऐकलेल्या माणसाला बायको एकदाची ‘पुन्हा’ म्हणते आहे म्हटल्यावर त्याला काय पंखच फुटले. आम्ही तोंड उघडेपर्यंत ते दुसऱ्या खाचेत, तिसऱ्या खाचेत, आणि मग हातापायांनी सरपटत थेट कडीपाशी. कडी धरून त्यांनी मागे वळून पाहिलं. खाली दोर, खाली आम्ही, आणि मध्ये काचेसारखा चकाकणारा ओला कातळ.

“परत म्हणालीस ना?” ते वरून म्हणाले.

“मागे या म्हणत होते मी.”

“मग मागे म्हणायचं. परत कशाला म्हणतेस? मला वाटलं, परत चढा.”

ह्यांनी दोराला गाठ मारून वर फेकायचा प्रयत्न केला. दोर अर्ध्या उंचीपर्यंत गेला आणि ह्यांच्याच डोक्यात पडला. “दादा, राहू द्या,” ती म्हणाली. “टपाल उलट आलं.” मला हसू आलं, पण हसायची वेळ नव्हती. भाऊजींना तसंच उतरू दिलं असतं तर त्या ओल्या दगडावर तो डावा गुडघा टिकला नसता. आणि ती वर गेली असती, तर दोघं वर अडकली असती.

तिचा आवाज जराही चढला नाही. “अहो, कडी सोडू नका. आधी बसा. कुठे खरचटलंय? नाही ना? मग उतरायचं नाही. मी सांगेपर्यंत एक पाऊल खाली यायचं नाही.”

सर आली तशी गेली. वारा सुटला आणि ऊन पडलं. ती कातळापाशी उभी राहिली आणि तिने एकदा कातळाकडे, एकदा उन्हाकडे, एकदा घड्याळाकडे बघितलं. मी तिला इतकी वर्षं ओळखते. मला वाटलं, आता ही त्यांना कडीला मिठी मारून बसवून ठेवणार आणि घरी गेल्यावर सात पिढ्यांचा उद्धार करणार.

ती म्हणाली, “अहो, दगड वाळायला वेळ लागेल. ओल्या कपड्यांनी वाऱ्यात बसलात तर गुडघा आखडेल, मग उतरणं अवघड. वरची वाट मला इथून दिसतेय. सावकाश वर जाऊन या.”

भाऊजींनी मान पुढे काढली. “काय म्हणालीस? परत सांग.”

“परत हा शब्द आजपासून बंद. वर जाऊन या म्हणाले. गवतातून चाला, दगडावर पाय टाकू नका. आणि आमच्या नजरेआड व्हायचं नाही.”

भाऊजींनी दोन्ही काठ्या खाली टाकलेल्या होत्या. रिकाम्या हातांनी, एक पाय ओढत, ते गवतातून वर निघाले. हे माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, “हिला भित्री म्हणणाऱ्याला एकदा इथे आणून उभं करायला पाहिजे.” भित्रं माणूस तिथे कडी धरून बसा म्हणालं असतं आणि धाडसी माणूस स्वतः कातळावर चढलं असतं. हिने नुसतं बघितलं की आता सगळ्यांत कमी धोका कशात आहे. तो नेमका वर जाण्यात होता, तर वर जा म्हणाली. आजवर तो खाली येण्यात होता, म्हणून खाली या म्हणत आली. तिच्या लेखी दोन्ही एकच होतं.

भाऊजी माथ्यावर पोचले तेव्हा मी ओरडलेच. निळ्या आभाळापुढे त्यांची आकृती स्वच्छ दिसत होती. त्यांनी दोन्ही हात वर केले.

“अगं, बघ, पोचले,” मी म्हटलं. “हात हलवतायत.”

ती आमच्याकडे पाठ करून कातळाला टेकून उभी होती. पहिल्या खाचेत तळवा घालून, मग दुसऱ्या, मग हात पोचेल तिथवर, एकेक खाच चाचपून बघत होती. कोपऱ्यात ओल राहिली होती ती स्वतःच्या ओढणीने टिपत होती.

“तुम्ही बघा ताई,” मान न वळवता ती म्हणाली. “मला हे बघू दे.”

मी पुन्हा हाक मारली नाही. भाऊजी बराच वेळ वर होते. आधी उभे, मग बसलेले, मग चारी दिशांना वळून बघणारे. तेवढ्या वेळात तिने एकदाही वर पाहिलं नाही.

ते कडीपाशी आले तोवर कातळ कोरडा ठणठणीत झाला होता. तिने त्यांना तोंड दगडाकडे करून उतरायला लावलं. “उजवा खाली. अजून थोडा. हं, तिथे. आता डावा, पण त्याच्यावर भार नको. हात आधी सोडू नका.” एकेका पावलागणिक ती बोलत होती, जणू ते पाय तिचेच होते. शेवटची खाच जमिनीपासून हातभर राहिली तेव्हा भाऊजी म्हणाले, “झालं आता, थोडंच राहिलं,” आणि उडी मारायला गुडघे वाकवले.

“खबरदार,” ती म्हणाली. सगळ्या उतरणीत तो एकच शब्द काय तो तिने मोठ्याने उच्चारला.

त्यांनी निमूटपणे पाय टाकला आणि जमिनीवर उभे राहिले. चेहरा लहान मुलासारखा झाला होता. तिने त्यांना खाली बसवलं, बूट काढले, कोरडे मोजे घातले, गुडघ्याला पट्टी गुंडाळली. ती पट्टी बांधत असताना ते तिच्या डोक्याकडे बघत म्हणाले,

“दिसलो का गं तुला?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली शोधू लागले.

“दिसलात की,” पट्टीचं टोक खोचत ती म्हणाली. “हात हलवत होतात.”